कोन झकास, जॅकेटात मात्र गंडलो (सेफ्टीचं सामान, सांगली)

आमचं काम म्हणजे रस्त्याकडेची पाईपलाईन आणि साईडपट्टी, छोटं सबकॉन्ट्रॅक्ट, बारा पोरं आणि भाड्याचा जेसीबी. यंदा काम लागलं वाळवा तालुक्यात आणि तेही ऐन सीझनात, म्हणजे रात्रभर रस्त्यावर ऊसाच्या डबल ट्रॉल्या, त्यातल्या निम्म्यांच्या मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि कडेला आमचा उघडा खड्डा. आत्तापर्यंत आपली जुनीच पद्धत होती, चार दगडांना चुना मारायचा, ढिगात एरंडाची फांदी खोवायची आणि 'काम चालू रस्ता बंद'चा पत्रा टेकवायचा. पण दगड म्हणजे दुसरा खड्डाच की ओ, टू-व्हीलरवाला खड्डा चुकवून दगडावर जातोय, आणि काम संपलं तरी दगड महिनाभर तिथंच. म्हणून यावेळी सांगलीतल्या एका सेफ्टीच्या दुकानातून एकदमच सामान उचललं, 30 कोन (रस्त्यात उभे करायचे ते शंकू), 12 जॅकेट, 4 सोलर ब्लिंकर म्हणजे लुकलुकणारे दिवे, खड्ड्याभोवती बांधायच्या टेपचे रोल आणि गाड्यांना इशारा करणाऱ्या झेंडेवाल्यासाठी दोन बॅटन, म्हणजे हातात धरायच्या कांड्या. दुकानाचं नाव घालत नाही, भांडण अजून मिटलेलं नाहीये.

कोनांना पैकीच्या पैकी. 750 मिमी उंच, बुडाला काळं जड रबर. मागं एकदा अर्ध्या मीटरचे हलके घेतले होते, एक ट्रक जोरात गेला की चार कोन आडवे, पोरगं रात्रभर तेच उभं करत बसायचं. हे हलत नाहीत. आमच्याच बोलेरोनं रिव्हर्स घेताना एक पार चपटा केला, चहा पिऊन येईस्तोवर गडी परत ताठ, कॉलरला नुसती एक मुरड. कॉलरची पट्टी पण ती बारीक जाळीजाळीची आहे, लांबनं डिपरवर चमकते. 30 मधले 28 राहिलेत, एक टपरीवाल्याच्या पार्किंगला लागलाय आणि एक शाळेमागं स्टंप म्हणून, तो मी मागितला नाही.

आता जॅकेट. दुकानदार म्हणाला, "मालक, एकच क्वालिटी, सगळे हेच नेतात." पोपटी रंग, रुपेरी पट्ट्या, दिसायला एक नंबर. पहिल्याच रात्री मी गाडीवरनं साईटकडे येतोय तर हेडलाईटमधी पाचच पोरं दिसली, बाकीची कुठं गेली म्हणून ओरडणार तर सगळी तिथंच, खड्ड्यात वाकलेली पण नाहीत, सरळ उभी! बारामधल्या सात जॅकेटांच्या पट्ट्या नुसत्या रुपेरी रंगाच्या, उजेड परत फेकतच नाहीत. पट्टीची रुंदी बरोबर 50 मिमी, म्हणजे टेपनं मापून काही कळत नाही, आणि दुकानातल्या ट्यूबलाईटखाली दोन्ही सारख्याच. खऱ्या पट्टीत काचेचे बारीक मणी असतात, ते उजेड जिकडनं आला तिकडंच परत पाठवतात, म्हणून मोबाईलची टॉर्च कानशिलाला लावून डोळ्याच्या रेषेत धरायची आणि दहा पावलं लांबनं बघायचं, खरी पट्टी पांढरीफटक पेटते, खोटी राखेसारखी राहते. टॉर्च कंबरेला धरली तर खरी पण फसवते हां. हे मी दुकानात केलं असतं तर एवढं लिहायची वेळच आली नसती. टॅगवर आयएस 15809, म्हणजे असल्या लांबनं दिसणाऱ्या जॅकेटांच्या भारतीय मानकाचा नंबर, आहे का तेही बघा, आमच्या सातांवर टॅगच नव्हता. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, पोरगं दोन सेकंद उशिरा दिसलं की ट्रॉली अंगावर.

ब्लिंकर ठीकठाक. एक पहिल्या दिवसापासनं मेलेला, बाकीचे पहाटे तीनला झोपायचे, पण ते दुकानाचं पाप नाही, पॅनेलवर मातीचा थर बसतोय, रोज संध्याकाळी ओलं फडकं मारलं की सकाळपर्यंत चालतात. टेप घेऊच नका, वाऱ्यानं दोन दिवसात चिंध्या. बॅटन चांगले.

आणि एक चूक आमची. मी सगळे कोन खड्ड्याभोवती लावले होते, तुळशीपुढं पणत्या मांडल्यागत. साहेब आले, हसले, आणि मोबाईलवर आयआरसी एसपी 55 मधलं, म्हणजे रस्त्याच्या कामावर ट्रॅफिक कसं सांभाळायचं त्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकातलं, चित्र दाखवलं, कामाच्या जागेचे चार तुकडे केलेत त्यात, आधी सूचना, मग गाडी बाजूला वळवायची जागा, मग काम, मग परत लाईनीवर. आमच्याकडं फक्त तिसरा तुकडा होता. दहा कोन काढून लांबनंच तिरके लावले, बोर्ड आणखी मागं नेला, त्या रात्रीपासनं ब्रेकचे किंचाळे बरेच कमी झाले.

जॅकेट घेऊन परत गेलो तर पाच बदलून दिले, दोन नाही, कारण ते "वापरलेले" आहेत. मग काय शोकेसमधी लावायला नेले होते काय? ब्लिंकरचं म्हणाला कंपनीला पाठवतो, तीन आठवडे झाले. तरी पुढच्या कामाला कोन तिथनंच आणणार, अजून 20 लागतील. फक्त यावेळी संध्याकाळी सातनंतर जाणार, आणि दुकानाची ट्यूब बंद करायला लावणार.