हाडाची पूड बिलात होती, जबड्यात नव्हती

गोव्याच्या किनारपट्टीवर हल्ली दातांच्या इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात चढवण्याच्या, पाट्या जागोजागी दिसतात. परदेशी पाहुण्यांसाठी, गल्फमधून किंवा बोटीवरून सुट्टीवर आलेल्यांसाठी "आठवड्यात पक्के दात" अशी पॅकेजं असतात. अशाच एका क्लिनिकने माझ्या वडिलांची फसवणूक केली. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण ही फसवणूक हिरडीच्या आत होते, पेशंटला ती दिसत नाही, म्हणून ती कशी झाली हे सविस्तर सांगते.

बाबा डिचोलीला राहतात. वय ६८, मधुमेह आहे पण गोळ्यांनी आटोक्यात. वरच्या जबड्यातल्या उजवीकडच्या दोन दाढा गेल्या होत्या. क्लिनिकमध्ये सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) काढला आणि डॉक्टर म्हणाले, "काका, सायनसच्या खाली तुमचं हाड कमी आहे. नुसता स्क्रू टिकणार नाही, हाड भरावं लागेल." सायनस म्हणजे वरच्या दाढांच्या वरची हवेची पोकळी. तिचा तळ वर उचलणं (सायनस लिफ्ट), तिथे हाडाची पूड भरणं (बोन ग्राफ्ट) आणि ती झाकणारा पातळ पडदा (मेंब्रेन) यांचे मिळून ४८,००० रुपये, इम्प्लांट आणि कॅपचे वेगळे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. "चवथीच्या नेवऱ्या याच दाढांनी खाल," असं त्यांनी बाबांना सांगितलं. दोन्ही स्क्रू बसवले आणि त्याच आठवड्यात वर दात चढवून मोकळे झाले.

इथेच खोट होती.

इम्प्लांटची पकड दोन टप्प्यांत येते. पहिली पकड त्याच दिवसाची, भिंतीत घट्ट बसलेल्या खुंटीसारखी. दुसरी पकड खरी, ती पुढच्या काही महिन्यांत येते, जेव्हा जिवंत हाड टायटॅनियमला येऊन चिकटतं. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी ही गोष्ट ओळखली आणि १९६५ साली पहिल्या माणसाला असे दात बसवले. त्या माणसाचे इम्प्लांट चाळीसहून अधिक वर्षं टिकले. पण ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्याला साधारण ३ महिने आणि वरच्या जबड्याला ६ महिने विश्रांती देत, मगच वर दात चढवत. कारण मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, इम्प्लांट सगळ्यात कमजोर असतो. स्क्रूभोवतीचं जुनं हाड झिजत असतं आणि नवं अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. त्या दिवसांत स्क्रू ०.१५ मिलिमीटरहून जास्त हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरण्याचा धोका असतो. तसं झालं की तो इम्प्लांट टिकत नाही.

वरच्या दाढांच्या जागचं हाड मुळातच जबड्यातलं सगळ्यात पोकळ हाड. त्यात भरलेलं हाड असेल तर आणखी सबुरी लागते. ग्राफ्ट म्हणजे बारीक दाण्यांची पूड. ती स्वतः स्क्रू धरत नाही. आपल्या शरीराचं हाड त्या दाण्यांमध्ये हळूहळू शिरतं, त्याला महिने लागतात. तोवर स्क्रूची सगळी भिस्त खाली उरलेल्या मूळ हाडावर. म्हणून मूळ हाड ४-५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बहुतेक डॉक्टर आधी नुसता ग्राफ्ट करतात आणि सहा महिने थांबतात. त्याहून जास्त असेल तर दोन्ही एकदम करता येतं, पण दात मात्र नंतर. आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की नीट पिकलेल्या ग्राफ्टमधला इम्प्लांट पुढे मूळ हाडातल्या इम्प्लांटइतकाच घट्ट होऊ शकतो. ग्राफ्ट ही वाईट गोष्ट नाही. लगेच दात देणं हीसुद्धा दरवेळी लबाडी नसते. खालच्या जबड्याचं हाड टणक असेल, स्क्रू बसवताना ३५ न्यूटन-सेंटिमीटर किंवा जास्त जोर लागला असेल, तर चांगले डॉक्टरही ते करतात. पण "तुमचं हाड इतकं कमी आहे की भरावंच लागेल" आणि "या आठवड्यात दात घेऊन जा" ही दोन वाक्यं एकाच तोंडून, वरच्या दाढांसाठी आली, तर तिथून उठावं.

महिनाभरात बाबांच्या गालात ठणका सुरू झाला. मग एक दात जिभेने हलायला लागला. क्लिनिकमध्ये गेलो तर स्वर बदललेला. "काकांना शुगर आहे ना, त्यांचं हाडच धरत नाही. पुन्हा ग्राफ्ट करू, तुम्हाला सवलत देतो." शस्त्रक्रियेआधी त्यांनी बाबांची साखर तपासली नव्हती, एचबीए१सीचा (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट मागितला नव्हता. पैसे घेताना शरीर ठीक होतं आणि स्क्रू हलल्यावर शरीर दोषी ठरलं. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "माझ्याच हाडात दम नाही." याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी नवा स्कॅन काढला आणि जुन्या स्कॅनची सीडी शेजारी लावली. सायनसचा तळ आधी होता तिथेच होता. मूळ हाड ७ मिलिमीटर होतं, आताही तेवढंच. सायनस लिफ्ट केलेल्या जागी स्कॅनमध्ये घुमटासारखा पांढरा भाग दिसतो, तो कुठेच नव्हता. आम्ही विचारायला गेलो तेव्हा क्लिनिकवाले म्हणाले, ग्राफ्ट विरघळून गेला. बिलावर 'झेनोग्राफ्ट' लिहिलं होतं, म्हणजे जनावराच्या हाडापासून केलेला. त्याचे दाणे फार सावकाश झिजतात, वर्षानुवर्षं स्कॅनमध्ये दिसत राहतात. काही आठवड्यांत ते नाहीसे होत नाहीत. पूड घातलीच नव्हती. शिवाय असा ग्राफ्ट बहुतेकदा गायीच्या हाडाचा असतो, आणि बाबांसारख्या माणसाला हे आधी सांगून विचारणं डॉक्टरांचं कर्तव्य होतं. कोणी विचारलं नाही. संमतीपत्रावर एक शब्द नव्हता.

आम्ही स्टिकर मागितले. प्रत्येक इम्प्लांटच्या आणि ग्राफ्टच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेला स्टिकर असतो, तो पेशंटच्या फाईलला लावायचा असतो. इम्प्लांटचे दोन स्टिकर दिले. ग्राफ्टचा आजही "फाईलमध्ये शोधतो आहोत".

स्थिरता मोजताही येते, हे कुणी सांगत नाही. इम्प्लांटवर छोटी खुंटी लावून यंत्राने आयएसक्यू नावाचा आकडा काढतात, १ ते १०० मध्ये. ७०च्या वर असेल तर पकड चांगली, ६०च्या खाली असेल तर दात चढवण्याची घाई नको. हे यंत्र सगळ्यांकडे नसतं, पण स्क्रू बसवताना किती जोर लागला तो आकडा तरी कागदावर असायलाच हवा. बाबांच्या कागदांवर दोन्ही नव्हते. तुमच्या घरी कोणी इम्प्लांट करणार असेल तर हे आकडे, ग्राफ्टचा स्टिकर आणि ग्राफ्टनंतरचा स्कॅन मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. स्कॅनची मूळ सीडी स्वतःकडे ठेवा. आमच्याकडे जुनी सीडी नसती तर काहीच सिद्ध करता आलं नसतं. शंका आली तर बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात नेऊन दाखवा.

बाबांचे दोन्ही स्क्रू काढावे लागले. डॉक्टरबाईंनी जखम भरेपर्यंत थांबायला सांगितलं आहे, तोवर ते डाव्या बाजूने जेवतात. आम्ही ग्राहक आयोगात तक्रार केली आहे आणि राज्य दंत परिषदेलाही लिहिलं आहे. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही, वकील लावायची सक्तीही नाही. मुदत २ वर्षांची आहे. आधी फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.