जुन्या धर्मशाळेचं राहतं घर: कोल्हापुरातल्या चुनेकामाचा अभिप्राय

दगडी जोतं, चौकाभोवती ओसरी, सागवानी खांब. वाटसरूंच्या खोल्यांत आता बिऱ्हाड. कारागिरांनी आधी सिमेंटचा गिलावा काढला, हे उत्तम. सिमेंट ओल कोंडतं, मग क्षार वर येऊन पापुद्रे सुटतात. चुना 21 दिवस भिजवलेला. 1 भाग चुना, 2 भाग वाळू, 1 भाग विटांची भुकटी. थर 10-12 मिलिमीटरचे.

चूक मागच्या भिंतीला झाली. पावसाच्या तोंडावर गिलावा केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. भिंत चिंब असेल तर हवा आत शिरतच नाही, थर भुसभुशीत राहतो. कोल्हापूरचा पाऊस बघता हे काम दिवाळीनंतरच द्यावं.

सुतारकाम मात्र झकास! खांबाचा कुजका बुंधा कापून नवा सागवान खाचेत बसवलाय. वर रंग नाही, नुसतं जवसाचं तेल.