जावात मेथडचा रिटर्न टाइप: सबटाइप की जेनेरिक?

ओव्हरराइड करताना रिटर्न टाइप म्हणून सबटाइप देणं आणि जेनेरिक, म्हणजे टाइपच पॅरामीटर म्हणून ठेवणं, या दोन्ही सोयी २००४ मध्ये जावा ५ सोबतच आल्या. सबटाइपचा मार्ग साधा. पालक क्लासची मेथड ‘प्राणी’ परत करते, ओव्हरराइड करणारी ‘कुत्रा’. वापरणाऱ्याला कास्ट (टाइप हाताने बदलणं) लागत नाही. जुन्या रिटर्न टाइपची, नव्या मेथडला बोलावणारी ‘ब्रिज मेथड’ कंपायलर गुपचूप बनवतो. ऑब्जेक्टची प्रत देणाऱ्या क्लोनसारख्या मेथडला एवढं पुरे.

टाइप कॉल करणाऱ्याने ठरवायचा असेल तर जेनेरिक. पण टाइप पॅरामीटर नुसता रिटर्न टाइप म्हणूनच दिसला की मला शंका येते: आत बहुतेकदा अनचेक्ड (न तपासलेला) कास्ट लपलेला असतो, आणि टाइप जुळला नाही की क्लासकास्टएक्सेप्शन उडतं ते कॉल करणाऱ्याच्या ओळीवर! हव्या टाइपचा क्लास ऑब्जेक्टच आर्ग्युमेंट म्हणून घेतलात तर तपासणी आतच होते.

आणि हो, कुत्र्यांची लिस्ट ही प्राण्यांच्या लिस्टचा सबटाइप नव्हे. प्राण्यांची लिस्ट देणारी मेथड कुत्र्यांची लिस्ट देणारीने ओव्हरराइड केली तर कंपाइलच होत नाही.