छोट्या कार्यालयाचा सामायिक सर्व्हर: सिनॉलॉजी डीएस२२४ प्लसचे परीक्षण

लेखापाल, करसल्लागार आणि वकील यांच्या छोट्या कार्यालयांत सर्व्हर म्हणून बहुधा एखाद्या विंडोज संगणकावरचे शेअर केलेले फोल्डरच वापरले जाते. विंडोजच्या साध्या आवृत्तीत एका वेळी २० संगणकांना अशा फोल्डरशी जोडता येते, त्यामुळे संख्येची अडचण येत नाही. अडचण अशी की त्याच संगणकावर कोणीतरी दिवसभर कामही करत असते, अपडेट आल्यावर तो मधेच रीस्टार्ट होतो, आणि त्या क्षणी इतर टेबलांवर टॅलीत नोंदी चालू असतील तर डेटा बिघडण्याचा धोका असतो. आमच्या आठ टेबलांच्या करसल्लागार कार्यालयात ही व्यवस्था बंद करून आम्ही सिनॉलॉजी कंपनीचे डीएस२२४ प्लस हे नेटवर्कवरून सर्वांना फाइल्स पुरवणारे साठवणीचे यंत्र बसवले. विवरणपत्रांच्या हंगामात त्यावर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यंत्र उत्तम आहे, परंतु त्याच्याभोवतीचे नेटवर्क आधी नीट आखले तरच त्याचे पैसे वसूल होतात.

हे यंत्र २०२३ मध्ये बाजारात आले. त्यात हार्ड डिस्कसाठी दोन कप्पे, इंटेल सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसर, २ जीबी मेमरी (ती ६ जीबीपर्यंत वाढवता येते) आणि गिगाबिट वेगाचे दोन नेटवर्क पोर्ट आहेत. गिगाबिट जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी वेग मिळतो. एक्सेल, पीडीएफ आणि टॅलीच्या कामाला तो भरपूर आहे. दोन पोर्ट एकत्र जोडले म्हणजे एकाच संगणकाला दुप्पट वेग मिळतो, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. हार्ड डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि ४ टीबीच्या दोन डिस्क एकमेकींच्या प्रतिकृती म्हणून लावल्या की वापरायला ४ टीबीच जागा मिळते. येथे स्वस्ताईच्या मागे न लागता सर्व्हरसाठी बनवलेल्या सीएमआर प्रकारच्या (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवता लिहिणाऱ्या) डिस्कच घ्याव्यात. वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये आपल्या ‘रेड’ मालिकेतील काही डिस्क एसएमआर प्रकारच्या (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) असल्याचे मान्य केले होते. अशा डिस्कवर एकामागून एक लिहिण्याचे काम मंदावते, आणि बिघडलेली डिस्क बदलल्यावर नवी प्रतिकृती तयार होताना तर फारच वेळ लागतो.

याच कंपनीचे डीएस२२३जे स्वस्त असूनही मी ते सुचवणार नाही, कारण त्यात बीटीआरएफएस ही फाइल-व्यवस्था नाही आणि त्यामुळे स्नॅपशॉट घेता येत नाहीत. माझ्या मते हे यंत्र घेण्याचे सर्वांत मोठे कारण स्नॅपशॉट हेच आहे. दर तासाला संपूर्ण फोल्डरची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवली जाते आणि तिला जागाही थोडीच लागते, कारण जेवढे बदलले तेवढेच नव्याने साठवले जाते. एखाद्या सहाय्यकाने गेल्या वर्षीच्या ताळेबंदावरच यंदाचे आकडे सेव्ह केले, तर विंडोजमध्ये त्या फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून जुनी फाइल त्यालाच परत काढता येते, त्यासाठी तंत्रज्ञाला बोलवावे लागत नाही. खंडणीखोर व्हायरस एखाद्या टेबलावरच्या संगणकात शिरला आणि त्याने सामायिक ड्राइव्हवरील फाइल्स कुलूपबंद केल्या, तरी आधीचे स्नॅपशॉट त्या संगणकावरून पुसता येत नाहीत. ग्राहकांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने या एका सोयीसाठी थोडे अधिक पैसे आनंदाने मोजावेत.

आता नेटवर्काविषयी. टॅली ज्या टेबलांवर चालते त्या प्रत्येक टेबलापर्यंत केबल गेलीच पाहिजे. वाय-फायचा क्षणभराचा खंडही बहुवापरकर्ता डेटाला घातक ठरू शकतो. केबल कॅट ६ दर्जाची आणि शुद्ध तांब्याची असावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास विकली जाते, ती वाकवताना सहज तुटते आणि तिच्यात रोधही जास्त असतो, म्हणून दरपत्रकात ‘शुद्ध तांबे’ असे लिहूनच घ्यावे. १६ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच (सर्व केबल एकत्र जोडणारी पेटी) आठ टेबले, प्रिंटर आणि सर्व्हर यांना पुरून उरतो. जुना १०० मेगाबिटचा स्विच मधे राहिला तर वेग सेकंदाला १२ एमबीच्याही खाली येतो आणि दोष मात्र सर्व्हरला दिला जातो. सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा, पाहुण्यांचे आणि मोबाइलचे वाय-फाय वेगळे ठेवावे, आणि घरून काम करता यावे म्हणून राउटरवर पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट मोकळी करून, सर्व्हर थेट इंटरनेटवर आणू नये. २०१४ मध्ये सायनोलॉकर या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या आणि जुनेच सॉफ्टवेअर चालवणाऱ्या याच कंपनीच्या यंत्रांना लक्ष्य केले होते. बाहेरून प्रवेश हवाच असेल तर तो व्हीपीएनमधून, म्हणजे कूटबद्ध खासगी जोडणीतून, द्यावा.

प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे नाव आणि पासवर्ड द्यावा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डविना जोडणी मुळातच अडते, हे एका परीने बरेच झाले. टॅली गोल्ड या बहुवापरकर्ता आवृत्तीची परवाना सेवा विंडोजवरच चालते, म्हणून डेटा सर्व्हरवर ठेवला तरी परवान्यासाठी कार्यालयातील एक विंडोज संगणक सुरू ठेवावाच लागतो. विक्रेते हे सहसा आधी सांगत नाहीत. देवनागरी नावांच्या फाइल्स व्यवस्थित राहतात. व्यवस्थापनाचा पडदा मराठीत नाही, पण तो रोज उघडण्याची गरजही पडत नाही.

यूपीएस यूएसबीने यंत्राला जोडता येतो, आणि वीज बराच वेळ गेली तर यंत्र स्वतःहून सुरक्षितपणे बंद होते. आपल्याकडच्या विजेचा विचार करता हा खर्च टाळण्याजोगा नाही.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. आग, चोरी किंवा चुकून पुसलेले फोल्डर यांपासून दुसरी डिस्क वाचवत नाही, कारण एका डिस्कवर जे घडते तेच दुसरीवरही घडते. यंत्रासोबत मोफत मिळणाऱ्या हायपर बॅकअपने एक प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर आणि एक कूटबद्ध प्रत क्लाउडवर पाठवता येते. येथे कायद्याचाही प्रश्न आहे. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मधील ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप दररोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. म्हणून कंपन्यांची पुस्तके सांभाळणाऱ्याने क्लाउड निवडताना साठवण कोठे होते ते पाहावे. ॲमेझॉनचे मुंबईतील क्लाउड केंद्र २०१६ पासून सुरू आहे आणि हायपर बॅकअप त्याच्याशी जोडता येतो. तिमाहीतून एकदा एखादे फोल्डर बॅकअपमधून प्रत्यक्ष परत काढून, ते टॅलीत उघडते का तेही तपासावे.

ज्यांच्याकडे व्हिडिओ संकलन किंवा मोठ्या छायाचित्रांचे काम आहे, त्यांना गिगाबिटची मर्यादा जाचेल, त्यांनी २.५ गिगाबिट पोर्ट असलेले डीएस२२५ प्लस पाहावे. त्या मालिकेत इतर कंपन्यांच्या डिस्कवर घातलेले निर्बंध ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम या यंत्राच्या सॉफ्टवेअरच्या ७.३ आवृत्तीसोबत शिथिल झाले आहेत, म्हणून डिस्क घेताना सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासावी. आणि ज्यांचे मुख्य सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हरवरच बसते, त्यांनी या यंत्राकडे केवळ फाइल्स आणि बॅकअप यांसाठीच पाहावे.