वाजिमाच्या नावावर घेतलेले सहा चमचे आणि माझे ३५,९०० येन

हे लिहावे की नाही, यात तीन आठवडे गेले; कारण टोकियोत अकरा वर्षे काढलेल्या आणि जपानी वाचता येणाऱ्या बाईने असे फसावे, याची मला मनस्वी लाज वाटते. त्यातून माहेर सावंतवाडीचे, त्यामुळे लाखकामाचे लाकूड आपल्याला कळते हा गर्व होता, तोही उतरला.

१ जानेवारी २०२४ च्या भूकंपानंतर वाजिमा या लाखकामासाठी प्रसिद्ध जपानी गावाची बाजारपेठ जळताना आपण सर्वांनी पाहिली. तेथील कारागिरांकडून काहीतरी घ्यावे, या हेतूने मी रामेन-उदोनचा रस्सा पिण्याचे सहा लाकडी चमचे, म्हणजे रेंगे, एका ऑनलाइन दुकानातून मागवले. प्रत्येकी ५,८०० प्रमाणे ३४,८००, टपालखर्च ८८०, बँकेचे शुल्क २२०. कापड चिकटवून, भाजलेल्या मातीची पूड मिसळलेल्या उरुशीचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेचे, थरांवर थर चढवून, शंभराहून अधिक टप्प्यांनी होणारे काम या भावात मिळत नाही, हे मला ठाऊक होते; पण ‘कारागिरांकडून थेट’ या शब्दांपुढे हिशेब सुचला नाही.

दुकानाच्या पानावरचे ‘मायक्रोवेव्हमध्ये निर्धास्त वापरा’ हे वाक्य मी दोनदा वाचले. खऱ्या उरुशीला मायक्रोवेव्ह वर्ज्य असतो, एवढे तर घरातल्या वाट्यांमुळे मला माहीत होते. नंतर पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाऐवजी कोणा व्यक्तीचे नाव कताकाना या जपानी लिपीत उमटले, तेव्हा माझे बोट क्षणभर थांबलेही होते. घरदार जळालेला कारागीर स्वतःचेच खाते देणार, अशी समजूत मीच घातली आणि बटण दाबले. दुकान एक आणि खाते भलत्याच्या नावाचे असेल, तर तिथेच थांबा. मी थांबले नाही.

चमचे आले ते थिनरचा वास घेऊनच. जपानी कायद्याप्रमाणे अशा वस्तूवर लेप उरुशीचा की कृत्रिम, हे छापावे लागते. इथे चिठ्ठीच नव्हती. चौथ्या दिवशी गरम रश्शात एका चमच्याच्या कडेला फोड आले, नखाने खरवडताच लाल पापुद्रा नेलपॉलिशसारखा निघाला आणि खाली लाकडाची रेघ नव्हे, तर दाबलेला करडा भुसा दिसला.

पोलीस चौकीत अत्यंत नम्रपणे विचारले गेले, ‘वस्तू मिळाली ना?’ मिळाली म्हटल्यावर हा दिवाणी वाद ठरला. बँकेने आधी पोलिसांकडे जाण्यास सांगितले, पोलिसांनी पुन्हा बँकेकडे धाडले आणि प्रत्येक खिडकीवर तोच अर्ज मी नव्याने लिहिला. शेवटी खाते गोठले, तेव्हा त्यात ३१२ येन उरले होते. १,००० येनपेक्षा कमी शिल्लक असल्यास कायद्याने फसलेल्यांना पैशांचे वाटपच होत नाही. माझे दोन आठवडे कागद फिरवण्यात गेले नसते तर काही उरले असते का, याचे उत्तर कोणीही देत नाही. हातात मात्र ‘फसवणूक कशी टाळावी’ हे पत्रक दिले जाते. पैसे गेल्याचे कळताच त्याच तासाला बँकेला फोन करा आणि खोके, पावती, पडद्याची छायाचित्रे फेकू नका. मी खोके फेकले होते.

ते दुकान आता बंद आहे. चमच्यांची तीच छायाचित्रे, मागच्या निळ्या रुमालासकट, दुसऱ्या नावाच्या दुकानात ४,९०० येनला लागली आहेत.