बरोबरच्या चिन्हावरचा डी आणि स्टॅकइंजिन

माझा प्रबंध संख्याशास्त्रातला. दोन रँडम व्हेरिएबल्सचं वितरण सारखं आहे हे सांगायला बरोबरच्या चिन्हावर छोटा डी लिहितात. माझ्याकडे हे चिन्ह पानोपानी आहे, आणि बहुतेकदा चालू मजकुरातच. दोन वर्षं मी ते लेटेकच्या (गणिती मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीच्या) स्टॅकरेल कमांडने लिहीत होते. प्रिंट हातात घेतली की त्या ओळीच्या डोक्यावर पांढरी फट दिसायची. सरांनी एकदा पेन्सिलीने अशा सगळ्या फटींवर खुणा करून प्रकरण परत दिलं.

मग हिशोब मांडला. स्टॅकरेल त्या डीला बेरजेच्या सिग्मा चिन्हावरच्या मर्यादेसारखं बसवतं: मधे २ पॉइंट (हे छपाईतलं माप) जागा आणि डीच्या वर आणखी १. बरोबरचं चिन्ह ३.६७, लहान डी ४.८६. उंची झाली साडेअकरा. १० पॉइंटच्या टाइपात दोन ओळींतलं अंतर १२. वरच्या ओळीत पी किंवा वाय असला तर त्याची शेपटी जवळजवळ २ पॉइंट खाली येते. जागा पुरत नाही, मग लेटेक मधे आणखी १ पॉइंट सोडतं आणि अंतर साडेचौदावर जातं.

लेटेकला जोडायच्या स्टॅकइंजिन पॅकेजातल्या स्टॅकऑन कमांडला ही मधली जागा आपणच चौकटी कंसात सांगायची. मी १ पॉइंट दिला, डीच्या वरचा १ पॉइंटही इथे नसतो, म्हणून उंची साडेनऊवर आली आणि फटी मिटल्या. सगळ्या मात्र नाही! वरच्या ओळीत गोल कंस असेल तर तो अडीच पॉइंट खाली उतरतो. तिथे केसभर कमी पडत होतं. ०.८ केल्यावर तेही सुटलं. या चिन्हाची कमांड फाइलच्या सुरुवातीला एकदाच लिहिलेली, म्हणून अख्ख्या प्रबंधासाठी एकच आकडा बदलावा लागला. हे सुख स्वतः अनुभवावं असं आहे.

वापरणार असाल तर आधी स्टॅकमॅथ लिहा (म्हणजे रचलेला मजकूर गणित म्हणून घेतला जातो) आणि डी लहान हवा हे स्क्रिप्टस्टाइलने सांगा. संपूर्ण चिन्ह मॅथरेलमध्ये, म्हणजे ते संबंधचिन्ह आहे हे सांगणाऱ्या कमांडमध्ये, गुंडाळायला विसरू नका. मी विसरले होते, तेव्हा डावीकडचा एक्स आणि उजवीकडचा वाय चिन्हाला चिकटून बसले. संबंधचिन्हाला दोन्ही बाजूंनी मिळणारी मोकळी जागाच गेली होती.

सबस्क्रिप्टमध्ये, म्हणजे खाली लिहिलेल्या छोट्या अक्षरांत, माझा डी आपोआप लहान होत नाही. तिथल्या मोजक्या जागांसाठी मी मॅथपॅलेट (आजूबाजूच्या आकारानुसार चिन्ह लहानमोठं करायची कमांड) वापरून वेगळी व्याख्या केली आहे.