धक्क्याला आपणहून लागणारी फेरी: ट्रॉन्डहाइमचा प्रयोग

नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम शहराच्या कालव्यावर 2022 मध्ये काही आठवडे लोकांसाठी मोफत चालवलेली 'मिलिअँपिअर 2' ही विजेवरची, 12 प्रवाशांची स्वयंचलित फेरीबोट तेथील एनटीएनयू विद्यापीठाच्या संशोधनातून उभी राहिली. कालवा ओलांडणे हे शंभरेक मीटरचे काम. खरी कसोटी लागते ती धक्क्यापाशी. संथ गतीत सुकाणू जवळजवळ निरुपयोगी ठरते, वारा बोटीला बाजूला ढकलतो आणि उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानातली थोडीशी चूकही भिंतीपाशी महागात पडते. म्हणूनच पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आधीच्या लहान 'मिलिअँपिअर'वर लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारे उपकरण) आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या) सेन्सरांनी धक्क्याचे अंतर सतत मोजून, त्यानुसार दिशा बदलणाऱ्या प्रॉपेलरांचा जोर क्षणोक्षणी नव्याने ठरवण्याची पद्धत तपासली. केवळ नकाशावर न विसंबण्याचा हा सावधपणा मला या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

सेवा म्हणून मात्र तिला पूर्ण गुण देता येत नाहीत. देखरेखीसाठी फेरीवर माणूस होताच (आणि तो असायलाच हवा होता), तेव्हा 'चालकविरहित' हे विशेषण तूर्त उसने आहे. शिवाय शांत कालव्यातील यशावरून मोठ्या मालवाहू जहाजांविषयी अनुमान काढणे घाईचे होईल. तिथे टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) आणि पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा जाणकार) यांच्यावाचून अजूनही सहसा पान हलत नाही.